‘रातपाळी’ कशी वाटली

दारात तिघं उभे होते आणि तिघांनीही पायातलं काढून ठेवलं होतं. मी दार उघडलं ते त्यामुळेच. जाळीच्या दारातून पाहिलं तर एकानं लेस सोडून बूट भिंतीशी नीट लावले होते. चप्पल काढून उभा असलेला माणूस पाहुणाच असतो, असं मला तेव्हा वाटायचं.

"सुयोगदादा हाईत का, वहिनी?" मधला म्हणाला.

"ड्यूटीवर गेलेत. सहापर्यंत येतील. काय काम होतं?"

"मग बसतो की आम्ही."

त्यानं विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तो आत येऊन सोफ्यावर बसला, मागोमाग दुसरा आला, आणि तिसरा आत येताना दार लोटून कडी लावून आला. त्या वेळी मला मधल्याचा टी-शर्ट नीट दिसला. काळ्या टी-शर्टवर छातीभर तांबड्या रंगात छापलेला धोटा. मागावर इकडून तिकडे पळत सूत विणणारा तो लाकडी धोटा. माझ्या वडिलांचे चार माग होते, त्यामुळे हा आकार मी झोपेतही ओळखला असता. पण त्या वर्षी इचलकरंजीत असे टी-शर्ट घालणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांनी मागाला हातही लावला नसेल. त्यांच्यासाठी धोटा म्हणजे एकच. रॅप करणारा, मागावर काम करता करता गाणी रचणारा, आमच्याच गावचा धोटा.

ते का आलेत हे मला कळलं होतं.

चार दिवसांपूर्वी त्याचा दुसरा अल्बम आला होता, ‘रातपाळी’. पहिला ‘दिवसपाळी’. तो येऊन दोन वर्षं झाली होती आणि गाव तेव्हापासून दुसऱ्याची वाट पाहत होतं. फेसबुकवर ‘धोटा परिवार’ म्हणून ग्रुप होता, तिथे चार दिवस नुसता कालवा चालला होता. रातपाळी भारी की दिवसपाळी भारी, आपला माणूस पुढे गेला की वाया गेला. त्यात सुयोग मगदूम या नावानं कुणीतरी लिहिलं होतं:

‘दिवसपाळीत धोटा श्वास घेताना ऐकू येतो. रातपाळीत कुठेच येत नाही. सगळे श्वास कापून टाकलेत. ओळी तुकड्या-तुकड्यानं म्हणून जोडल्यासारख्या वाटतात. याला आता एक कडवं सलग म्हणता येत नाही का? पहिल्याची सर याला नाही.’

सुयोग मगदूम माझा नवरा. त्याला रॅपमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लिहिलं होतं मी. घरातल्या जुन्या टॅबवर त्याचं फेसबुक उघडं असायचं, आणि चिनू दुपारी झोपली की मी तिच्याशेजारी पडून गाणी ऐकायची. दिवसपाळीच्या मागे मागाचा खराखुरा खडखडाट होता. वडिलांनी माग विकल्यावर तो आवाज मला त्या गाण्यांतच परत मिळाला होता. म्हणून दुसरा अल्बम ऐकून मला राग आला आणि रागात मी लिहून टाकलं. त्याखाली शिव्यांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, ‘ह्याचं घर शोधून काढा.’ मी घाबरून ते सगळं पुसलं, पण तोवर त्याचे फोटो काढून ग्रुपभर फिरवले गेले होते. सुयोगला मी सांगितलं नव्हतं. चार दिवसांत होईल शांत, असं मनाशी म्हणत होते.

"पाणी मिळंल का, वहिनी?"

मी पाणी आणलं. मधला, तोच बोलणारा होता, म्हणाला, "मी आदेश. हा पप्या. आणि हे किरणदादा, धोट्याचे मावसभाऊ. घरचाच माणूस." किरण बाकीच्यांपेक्षा मोठा होता, तिशीचा. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कडी लावणारा तोच. तो बोलत नव्हता, भिंतीकडे बघत होता.

"आमाला भांडान करायचं न्हाई," आदेश म्हणाला. "दादा आले की एक बारका व्हिडिओ करायचा. चुकलं म्हणायचं, हात जोडायचं, संपला विषय. ग्रुपवर आमी शब्द दिलाय."

माफीचा व्हिडिओ. ते काय असतं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वर्षभरापूर्वी एका जिमवाल्यानं धोट्याची नक्कल केली म्हणून त्याचा असाच व्हिडिओ आला होता. जिमवाला हात जोडून उभा, ‘माझ्याकडून चूक झाली’ म्हणतोय, आणि मध्येच कॅमेऱ्याबाहेरून एक हात येतो नि त्याची कॉलर नीट करतो. मारताना कुणी दिसत नाही. मला त्या कॉलर नीट करणाऱ्या हाताचीच जास्त भीती वाटली होती. जिमवाला पुढे महिनाभर दिसला नाही, आणि दिसला तेव्हा एका कानानं ऐकत होता.

मी लिहिलंय, हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण समोरचे तीन पुरुष आणि लावलेली कडी बघून ते तसंच आत गेलं. सुयोगनं आज ओव्हरटाइम करावा, त्याची गाडी बंद पडावी, असलं काहीतरी मी देवाकडे मागत होते.

तेवढ्यात आतल्या खोलीत चिनू उठली. तिच्या रडण्याचा आवाज मोठा होईपर्यंत मी थांबत नसे. ती तीन महिन्यांची असताना न्यूमोनियानं दवाखान्यात होती. तेव्हापासून माझा एक कान कायम तिच्या छातीशी असायचा. श्वास लांब आहे का, आखूड आहे का, शेवटाला शिट्टी वाजते का. डॉक्टरांनी शिकवलं होतं, पण त्यांनी शिकवलं नसतं तरी मी शिकलेच असते. मी तिला घेऊन बाहेर आले, कारण आत एकटीला ठेवायचं धाडस होत नव्हतं.

"आली व्हय आमची बया," पप्या म्हणाला आणि त्यानं दोन्ही हात पुढे केले. "द्या हिकडं. च्या ठेवा तुमी. माझ्या भैनीची पोरगी एवढीच हाय."

मी नको म्हणणार होते. पण त्यानं तिला काखेतून धरून अलगद काढूनही घेतलं होतं. आठ महिन्यांची माझी परक्याला बघून किंचाळणारी पोरगी त्याच्या मांडीवर बसली आणि त्याच्याही टी-शर्टवर असलेला धोटा खरवडायला लागली.

एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नाही. त्यानं तिला आवळून धरली असती तर मी झडप घातली असती. तो तिला घोडा घोडा करत होता. घोडा घोडा करणाऱ्या माणसाकडून पोर कसं मागून घ्यायचं?

मी चहा ठेवायला गेले. फोन फ्रिजवर होता. मी हात लांबवला तेवढ्यात मागून आवाज आला.

"चार्जिंगला लावू काय, वहिनी? द्या की."

आदेश स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी फोन त्याच्या हातावर ठेवला. "अन् साखर जरा जास्त टाका. किरणदादास्नी गोड लागतं," असं म्हणून तो गेला.

बाहेर त्यांचं सुरू झालं होतं.

"खरं सांगू का आद्या," पप्या चिनूला नाचवत म्हणत होता, "दिवसपाळीतलं ते ‘कांडी’ गाणं, त्याच्यासारखं ह्यात एक बी न्हाई."

"लेका, तू कुणाच्या बाजूनं आलाईस?"

"बाजू न्हाई रे. आपलं सांगतोय. ‘कांडी’ लागलं की माज्या आईला बी कळायचं. ह्यातलं काय कळतंय तिला?"

"आई ऐकायला पायजे म्हणून आलाय व्हय अल्बम? मुंबईतनं बीट आणलेत. साउंड बघ की साउंड. गाडीत लाव, काचा हालत्यात."

"काचा तर आपल्या गाडीच्या तशा बी हालत्यात."

"तुजं हेच. दोन वरसं वाट बघायची आनि आला की नाक मुरडायचं. पब्लिकला काय दिलं तरी पहिलंच पायजे."

"पहिलं पायजे असं न्हाई. पहिला ऐकताना मला वाटायचं, ह्यो माझ्याशेजारी उभा राहून वरडतोय. आता वाटतंय काचंच्या पलीकडनं."

चहा उकळून वर आला, तरी मी गॅस बारीक करायचं विसरले. काचेच्या पलीकडून. मला नेमकं हेच म्हणायचं होतं. माझ्या पोरीला मांडीवर धरून बसलेला हा गडी माझ्यापेक्षा बरं बोलला होता, आणि सहा वाजता तो माझ्या नवऱ्याला हात जोडायला लावणार होता.

मी चहा दिला. शेजारच्या घाटगे काकू जिन्यात आल्या होत्या, त्यांनी बाहेरूनच विचारलं, "त्रिशला, पाहुणे आलेत काय गं? चपला दिसल्या."

आदेश माझ्याकडे बघत नव्हता, तो पप्याच्या मांडीकडे बघत होता.

"हो काकू. यांचे मित्र आहेत."

"बरं बरं. कढीपत्ता ठेवलाय गं तुला, नंतर ने."

त्यांचं दार लागल्याचा आवाज आला.

तेव्हा किरण पहिल्यांदा बोलला. आवाज हळू, शाळेत शिक्षक विचारतात तसा.

"तुमचे मिस्टर एक्स-रेला आहेत ना?"

तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. सुयोगच्या हॉस्पिटलचं.

"हो. टेक्निशियन आहेत."

"सीटी स्कॅन पण तेच बघतात?"

"दोन्ही."

"घरी बोलतात का कोण आलं, कोण गेलं?"

"नाही. कधीच नाही."

"मग हे श्वासाचं त्यांना कुठनं कळलं?"

आदेशनं कप खाली ठेवला. "किरणदादा, त्याचा काय संबंध?" किरणनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. तो मला घाबरल्यासारखा बघत होता. मला ते आणखी वाईट वाटलं. रागावलेला माणूस काय करेल याचा अंदाज येतो.

आणि मला कळलं. तो माफी मागायला लावायला आलाच नव्हता. धोटा कधीतरी सुयोगच्या टेबलावर झोपला होता. त्याच्या छातीचा फोटो सुयोगनं काढला होता. आणि आता या माणसाला वाटत होतं की सुयोगनं तो रिपोर्ट फोडला. हात जोडून हे संपणार नव्हतं. ही गोष्ट हॉस्पिटलात गेली तर नोकरी जाणार, पोलिसांत गेली तर आणखी काही. आणि आदेशसारख्यांच्या कानावर गेली तर काय, ते त्या जिमवाल्याच्या कानाला ठाऊक.

"त्यांनी लिहिलं नाही," मी म्हणाले. "मी लिहिलंय."

आदेश हसला. "वहिनी, नवऱ्याला वाचवायला हे सगळ्याच म्हणतात. जिमवाल्याची बायको बी म्हणाली हुती, मीच शिकवलं म्हणून."

"मी लिहिलंय. त्यांना धोट्याचं एक गाणं सांगता येणार नाही. मला सगळी येतात. टॅब आत आहे, आणू का?"

"फेसबुक तर त्यांचंच हाय की. त्यावरनं काय कळतंय?"

"स्पीकर आहे आमच्याकडे," मी म्हणाले. "मी तुम्हाला ऐकवते. मग ठरवा, हे रिपोर्ट बघून कळलं की कानानं."

किरणनं होकाराची मान हलवली.

मी टॅब आणला. पासवर्ड दोनदा चुकला. आधी ‘कांडी’ लावलं. तिसऱ्या कडव्यात तो एकामागून एक ओळी फेकत जातो, मागाचा आवाज वाढत जातो, आणि शेवटाला हवा संपते तेव्हा तो जोरात आत ओढून घेतो. रडून रडून दमलेलं मूल ओढतं तसा. "हा," मी म्हणाले. "आणि हा. इथे परत. हे ऐकून माणूस शेजारी उभा आहे असं वाटतं." पप्या माझ्याकडे बघत राहिला.

मग ‘रातपाळी’तलं लावलं. ओळी तितक्याच वेगात, पण मध्ये कुठे काही नाही. "इथे हवा संपायला पाहिजे. इथे तर संपलीच पाहिजे. कुणालाही एवढं सलग म्हणता येत नाही. म्हणून मी लिहिलं की कापलेत."

"आजकाल सगळेच कापत्यात," आदेश म्हणाला. "स्टाईल हाय ती."

"मलाही वाटलं तसं. पण एक राहिलाय."

किरणचा कप अर्ध्यातच थांबला.

शेवटचं गाणं होतं ‘लाईट गेली’. त्यात मधेच बीट, माग, सगळं एकदम बंद होतं. रातपाळीत वीज गेली की कारखाना थांबतो तसं. तिथे क्षणभर काहीच नसतं, आणि मग तो हळूच म्हणतो, ‘लाईट गेली’. मी आवाज पूर्ण वाढवला. त्या शांततेत, शब्दांच्या जरासं आधी, बारीकसा श्वास होता. आखूड. आणि शेवटाला शिट्टीसारखं काहीतरी.

मी परत लावलं. परत लावलं.

"हा दम लागलेल्याचा श्वास आहे," मी म्हणाले. "पळून दम लागतो तसा नाही. हा मध्ये बसून घ्यावा लागतो तो. माझी पोरगी दवाखान्यात होती तेव्हा मी रात्र-रात्र हेच ऐकलंय. कमेंटमध्ये मी हे लिहिलं नाही, कारण तेव्हा मला अल्बमचा नुसता राग आला होता. काल परत ऐकताना कळलं. मला वाटतं त्याला एक जिनासुद्धा थांबल्याशिवाय चढता येत नसेल."

पप्याची मांडी हलायची थांबली होती. चिनूनं वर त्याच्या हनुवटीकडे पाहिलं.

"मी सगळे कापले होते," किरण म्हणाला. तो स्वतःशीच बोलत होता. "मीच रेकॉर्ड केलंय घरी. एकेक ओळ, तो बसून. मी हेडफोन लावून बसलो आणि सगळे कापले. हा कसा राहिला?"

"किरणदादा," आदेश म्हणाला, "ही काय म्हणतीया?"

किरणनं कप खाली ठेवला.

"किरणदादा. काय झालंय धोट्याला?"

"छातीचं आहे," किरण म्हणाला. "बारा वर्षं मागावर, कापसाची धूळ. वर सिगारेटी. डॉक्टर म्हणतात आता मागं फिरत नाही, आहे तेवढं सांभाळायचं."

आदेश उठून उभा राहिला आणि परत बसला. टी-शर्टवरच्या धोट्यावर त्यानं हात ठेवला, ते त्याला कळलंही नसावं. मघाचा आवाज त्याच्याकडून निघून गेला होता. "अन् आमाला कुणालाच..." एवढंच तो म्हणाला.

"त्याचंच सांगणं आहे. वाईट म्हणा, फालतू म्हणा, पहिल्याची सर नाही म्हणा. त्याला चालतंय. पण आजारी म्हणून कुणी ऐकायला नको. कुणी ‘बिचारा’ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. पुढच्या महिन्यात दौरा आहे, तो करणारच म्हणतोय. तुमची कमेंट त्यानं वाचली, वहिनी. दोन दिवस नीट जेवला नाही. म्हणाला, ह्याला, म्हणजे तुम्हाला, कळलंय."

बाहेर चौकातून गाड्या जात होत्या आणि प्रत्येक गाडीला मला सुयोगची गाडी वाटत होती. माझी बाजू सिद्ध झाली होती, पण माझं पोर अजून पप्याच्याच मांडीवर होतं, आणि कडी लागलेलीच होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता ती कमेंट लोक परत परत वाचतील," किरण म्हणाला. "आज तुम्ही ऐकलंत. उद्या आणखी कोणी ‘लाईट गेली’ आवाज वाढवून ऐकेल."

"अन् ग्रुपवर आमी शब्द दिलाय," आदेश म्हणाला. त्यानं ते धमकीसारखं म्हटलं नाही. "व्हिडिओ न्हाई आला तर दुसरी पोरं येतील. त्येंच्यात किरणदादा नसतील."

मी सुयोगचा विचार केला. तो जिना चढेल, दाराशी अनोळखी बूट बघेल, आत येऊन म्हणेल, मी काहीच लिहिलं नाही. खरंच म्हणेल. आणि मग खोटं का बोलतोस म्हणून कुणीतरी त्याची कॉलर नीट करेल.

"माझा घ्या," मी म्हणाले. "ते यायच्या आत."

"बायामाणसाचा व्हिडिओ आमी करत न्हाई," आदेश म्हणाला.

"लिहिलंय मी. माझाच घ्या. म्हणजे त्यांच्याकडे कुणी येणार नाही. आधी पोरगी द्या."

पप्यानं चिनूला माझ्याकडे दिली. मी तिला कडेवर घेऊन खिडकीशी उभी राहिले. किरणनं फोन उभा धरला, आणि मग खाली केला. "हात जोडावे लागतील, वहिनी. नाहीतर ग्रुप मानणार नाही."

हात जोडायला दोन्ही हात मोकळे लागतात. मी चिनूला परत पप्याकडे दिलं. या वेळी मी तिला माझ्या हातानं दिलं, आणि ते मघापेक्षा अवघड गेलं.

आदेश फोनच्या शेजारी उभा होता. मी त्याच्या हाताकडेच बघत होते. तो हात पुढे आला असता तर काय केलं असतं कोण जाणे. तो आला नाही. तो त्याच्या तोंडावर होता.

मी हात जोडले. "मी त्रिशला मगदूम. माझ्या मिस्टरांच्या आयडीवरून रातपाळीबद्दल जे लिहिलं ते मी लिहिलं. त्यांचा काही संबंध नाही. मला रॅपमधलं काही कळत नाही. चुकीचं लिहिलं. धोट्याची आणि त्याच्या सगळ्या चाहत्यांची मी माफी मागते. रातपाळी दिवसपाळीपेक्षा भारी आहे."

किरणनं फोन बंद केला. आदेशनं माझा नंबर टिपून घेतला आणि माझा फोन परत दिला. कुणी ‘बरं झालं’ म्हटलं नाही. पप्यानं चिनूला माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "पोरगी शांत हाय तुमची." दाराबाहेर ते बराच वेळ वाकून बसले होते. लेस बांधायला एवढा वेळ लागत नाही.

सुयोग आला तेव्हा मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. टॅब, कमेंट, कडी, व्हिडिओ. तो ऐकत होता. आधी चिडला, मग पांढरा पडला, मग चिनूला छातीशी धरून बसला.

"धोटा आला होता का रे तुमच्याकडे?" मी विचारलं.

"ते मी तुला सांगू शकत नाही, त्रिशा."

म्हणजे तो हे घेऊन घरात वावरत होता. चार दिवस शेजारच्या खोलीत मी रातपाळीला नावं ठेवत होते आणि तो भात कालवत ऐकत होता. त्यानं एक शब्द काढला नव्हता.

पुढचं गावात सगळ्यांना माहीत आहे. दौरा झाला. धोट्यानं तो खुर्चीवर बसून केला आणि लोकांना ती स्टाईल वाटली. वर्षाच्या आत तो गेला. माझा व्हिडिओ अजून आहे. चिनू आता शाळेत जाते, तिच्या मैत्रिणींच्या आयांनी तो पाहिलाय. त्याखाली लोक अजून लिहितात. असल्या बायांमुळेच दादानं टेन्शन घेतलं, असंही लिहितात. किरण, आदेश आणि पप्या, तिघांनीही कधी काही बोलून दाखवलं नाही. मीही नाही. पण दारात अनोळखी बूट दिसले की मी आजही आधी खिडकीतून बघते.

पण तेव्हा तो व्हिडिओ लगेच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी ग्रुप उघडून बघत होते, आणि प्रत्येक मिनिटाला वाटत होतं, त्यांनी विचार बदलला, आता दुसरे येतील. दोनच्या सुमारास अनोळखी नंबरवरून फोन आला.

"वहिनी, मी बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. आणि थांबला. त्या थांबण्यावरूनच मी ओळखलं. स्पीकरवर इतका वेळ ऐकलेला माणूस बोलत होता, पण शब्द कमी आणि मधली जागा जास्त.

"बोला," मी म्हणाले.

"व्हिडिओ ऐकला तुमचा. किरणनं दाखवला. चांगलाय." परत थांबला. मी त्याला वेळ लागेल तेवढा लागू दिला. "फक्त एक हाय. ‘भारी आहे’ म्हणायच्या आदी तुमी मोठा श्वास घेतलाय. ज्याला कान हाय त्याला कळंल, मनापासनं न्हाई म्हणून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"किरण बसलाय हितंच हेडफोन लावून," तो म्हणाला. "म्हटलं, विचारून करावं. कापू?"

"कापा," मी म्हणाले.